दीप अमावस्येचा अनुभव धागा: तुमच्याकडचा एक प्रसंग सांगा

आज दीप अमावस्या. सकाळी समया, निरांजनं, लामणदिवा सगळं चिंचेने घासून पाटावर मांडलं, कणकेचे गोड दिवे उकडले, आणि तिन्हीसांजेला एकदम आजोळची पडवी आठवली. कुडाळकडे आषाढात वीज जायचीच. मग चटई, मधोमध कंदील, बाहेर माडांवरून कोसळणारा पाऊस, आणि थोरला मामा घसा खाकरायचा. मुंजा, समंध, खवीस, हडळ, गिरा. प्रत्येकाची जागा ठरलेली. पिंपळ मुंजाचा, पाणवठा गिऱ्याचा. मामाच्या गोष्टीत 'एका गावात' असं कधी नसायचंच. 'वरच्या वाडीतल्या रायवळ आंब्याखाली' असायचं, आणि त्याच आंब्याखालून आम्ही दुपारी आलेलो असायचो. माझ्या मते भीती तिथूनच येते, ओळखीच्या जागेतून.

म्हणून धाग्याला अट एकच. फिरती, ऐकीव गोष्ट नको. स्वतःवर आलेला प्रसंग सांगा, किंवा घरातल्या माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेला. उलगडा झाला असेल तर तोही लिहा. झाला नसेल तर ओढूनताणून करू नका.

सुरुवात मी करते. आजोबांना रात्री जेवल्यावर पान लागायचं. सुपारी ते स्वतः कातरायचे. आधी अख्खी सुपारी फुटल्याचा एक जोराचा 'कट्', मग थांबून बारीक 'कुर्र, कुर्र'. मी नववीत असताना ते गेले. दिवस झाल्यावर त्यांची चंची आणि अडकित्ता आजीने त्यांच्या धाकट्या भावाला दिला. ते दोन्ही घेऊन तो त्याच दुपारी कणकवलीला गेला. त्या रात्री मी माजघरात आईशेजारी झोपले होते. कट्. मग मधे तेवढाच वेळ, जेवढा आजोबा घ्यायचे. कुर्र, कुर्र. मी डोळे उघडले नाहीत. आईचा श्वास ऐकू येत नव्हता, त्यावरून ती जागी आहे एवढं कळलं. दोघी काही बोललो नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. कौलारू घराचे वासे रात्री गार पडताना वाजतात, हे मला ठाऊक आहे. त्या घरात मी कित्येक मे महिने वासे ऐकत काढले आहेत. तो आवाज वाशांचा नव्हता.

आता तुम्ही.

*

मालवणहून

चकव्याची गोष्ट आमच्याकडे घरटी एक मिळेल, ही माझी. १९९० च्या आसपासची, मी दहावीला होतो. काका आणि मी जत्रेतला दशावतार बघून परतत होतो. नाटक पहाटेपर्यंत चालतं, पण काकांना सकाळी काम होतं म्हणून मधेच उठलो आणि जवळची वाट म्हणून कुडोपीच्या सड्यावरून निघालो. सडा म्हणजे नुसता कातळ. ना झाड, ना बांध, पायवाटेची खूण पण धड उमटत नाही. बॅटरीच्या उजेडात एक दगडांची लहानशी रास दिसली. पाऊण तास चाललो. तीच रास. पुन्हा चाललो, वळलोसुद्धा नाही, निदान वळल्यासारखं वाटलं नाही. पुन्हा तीच रास, आणि तिच्याजवळ मघाशी काकांनी टाकलेलं विडीचं थोटूक.

काका एवढंच म्हणाले, "चकवो लागलो. बस हयच. उजाडल्याशिवाय हलूचा नाय." वहाणा काढून उलट्या करून ठेवल्या, विडी पेटवली आणि मला पाठीशी पाठ लावून बसवलं. कातळ दिवसभर तापलेला, रात्री गार पडत जातो, ते गार होणं मला कमरेत कळत होतं. उजाडायला लागलं तेव्हा मी हात टेकून उठलो आणि बोटं एका खाचेत गेली. सरळ, कोरलेली खाच. उन्हं वर आली तशा खाचा जुळत गेल्या. आम्ही रात्रभर एका माणसाएवढ्या आकृतीच्या पोटावर बसलो होतो.

ती कातळशिल्पं म्हणून आता सगळ्यांना माहीत आहेत. कोकणातल्या अशा काही जागा २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या, त्यात कुडोपीही आहे. चकव्याचं कारणही आता मला पटतं. नजरेला धरायला खूण नसली की माणूस सरळ चालतोय असं समजून गोल फिरतो, डोळे बांधून चाललं तरी तेच होतं. पण ती चित्रं कुणी काढली, कशासाठी, त्या उघड्या सड्यावर येऊन कोण एवढं खपलं, हे अजून पक्कं सांगता येत नाही. मला चकव्यापेक्षा त्या बोटांखालच्या खाचेची आठवण जास्त येते.

*

वाईहून

आमच्याकडे उलगडा झाला, सांगते.

जुना वाडा, वर माडी, माडीवर पोटमाळा. चुलत आजोबा पावसाळा संपता संपता माडीवरच गेले. पंधरा दिवसांनी रात्री वरून घोरण्याचा आवाज यायला लागला. लांब, खरखरीत, दम लागलेल्या माणसासारखा. थांबायचा, पुन्हा सुरू. काकू जिन्याला कडी घालून देवघरासमोर झोपायला लागली. उतारा झाला, नारळ झाला. त्यांची बायको, माझी चुलत आजी, मात्र म्हणायची, हे कधी घोरायचे नाहीत, मी चाळीस वर्षं ऐकलंय.

आजीचं ते वाक्य धरूनच माझा भाऊ बॅटरी घेऊन वर चढला. पोटमाळ्यात भाताच्या रिकाम्या कणगीआड तीन पिल्लं. पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा, काळेभोर डोळे, आणि अंगावर धड पिसं पण नाहीत. गव्हाणी घुबड. ती पिल्लं भुकेली की असाच आवाज काढतात. खाली उंदरांच्या हाडांचे आणि केसांचे गोळे पडलेले होते, सुपारीपेक्षा थोडे मोठे. भावाने एक गोळा पाण्यात भिजवून सोडवला, त्यात उंदराची अख्खी कवटी निघाली, दातांसकट. पिल्लं उडून जाईपर्यंत आजीने पोटमाळ्याला कुणाला हात लावू दिला नाही. त्या वर्षी वाड्यात उंदीर दिसला नाही.

पुढची दोन वर्षं ती जोडी आली. आता वाडा पाडून इमारत झाली आहे.

*

एक परिचारिका, सोलापूर

रात्रपाळी करून दिवसा झोपायची सवय. जाग येते, खोली दिसते, पंखा दिसतो, पण बोट हलत नाही, आणि छातीवर कुणीतरी बसलेलं असतं. वजन असतं त्याला. घरी सांगितलं तर आत्या म्हणाली, उरावर बसतंय, उशाशी सुरी ठेव. झोपेच्या ज्या टप्प्यात स्वप्नं पडतात त्यात मेंदू हातपाय सैल करून ठेवतो. मन आधी जागं झालं आणि शरीर मागे राहिलं की असं होतं. पाळ्या बदलत राहिल्या, झोप मोडली की जास्त. हे मी स्वतः शिकले आहे. तरी लिहायला आले, कारण ज्यांना होतं त्यांनी एकट्याने घाबरत बसू नये. अशा वेळी मी फक्त पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करते. तो हलला की सगळं सुटतं.

*

रेवसकडून

आजची तिथी आमच्या घरात वेगळी आहे, म्हणून लिहिते.

१७ जुलै १९४७, गुरुवार. मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ कलंडली. गटारीसाठी गावाकडे निघालेली माणसं, बोट भरलेली. सहाशेच्या वर गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे बुडाली हे मुंबईत कळायलाच कितीतरी वेळ गेला. वाचली ती बरीचशी आमच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांमुळे.

माझ्या आजीचा थोरला भाऊ त्या बोटीत होता. गिरणीत कामाला होता, एकोणीस वर्षांचा. आजी तेव्हा आठ वर्षांची. ती सांगायची: सकाळपासून पाऊस आणि वारा. आई, म्हणजे माझी पणजी, चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. मागल्या दारी हाक आली, "आये." पणजी म्हणाली, "आला गं, भिजून आला असंल, पाणी ठेव." आजीने तांब्याचं तपेलं चुलीवर चढवलं. पणजी हात धुऊन दार उघडायला गेली. दारात कुणी नव्हतं. परसात बघितलं, गोठ्यात बघितलं. बोट पोचायची वेळ तर झालीच नव्हती, हे तिच्या मग लक्षात आलं. पण तपेलं तिने उतरवू दिलं नाही. पाणी उकळलं, आटलं, पुन्हा ओतलं. संध्याकाळी किनाऱ्यावरून आरडाओरडा ऐकू आला तेव्हा चुलीवर तपेलं तसंच होतं, बुडाशी पांढरा थर धरलेलं.

तो मिळाला नाही.

हाक आजीनेही ऐकली होती का, असं मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, "मला वाऱ्याचा आवाज आला. आयेला त्याचा आला." आजी गेली, पण दर आषाढ अमावस्येला मागल्या दारात दिवा लागतो, वात समुद्राकडे करून. आत्ता लावून आले.

*

इंदूरहून

वरचं वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही.

माझ्याकडे स्वतःचा अनुभव नाही, वाचनाचा आहे. आमच्या वाचनालयात नारायण धारपांच्या भयकथांच्या पुस्तकांच्या मागल्या पानावर आधीच्या वाचकांनी पेन्सिलीने शेरे लिहिलेले असत: 'रात्री वाचू नये', 'पान ९० नंतर दिवा चालू ठेवा'. ते शेरे वाचत वाचत मी मोठा झालो. मग रत्नाकर मतकरी. 'अलबत्या गलबत्या'सारखं बालनाट्य लिहिणारा माणूस गूढकथेत चाळीतल्या नेहमीच्या खोलीत नेऊन बसवायचा आणि शेवटच्या चार ओळींत ती खोली परकी करून टाकायचा. २०२० मध्ये ते गेले. रक्त आणि किंकाळ्या वाचून मला कधी भीती वाटली नाही. दार लावल्याचं पक्कं आठवतं आणि सकाळी ते नुसतं लोटलेलं दिसतं, एवढं वाचलं की झोप जाते. तुम्हाला काय वाचून असं झालं, तेही इथे येऊ द्या.

*

वेंगुर्ल्याचा, सध्या मस्कतला

थोडं वेगळं बोलतो. आमच्याकडे रात्री फिरणारा प्रत्येक जण घाबरवायला फिरत नाही. आरवलीचा ग्रामदेव वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात, माणसाच्या पायाच्या कितीतरी मोठ्या, आणि केळ्यांचा घड. वाहिलेल्या वहाणा झिजतात असं आमचे लोक मानतात. लहानपणी वडिलांनी मला एका जोडाचा तळवा उलटा करून दाखवला होता. टाचेकडे झिजलेला. आम्ही चर्मकाराकडून करून आणलेला तोच जोड होता का, हे सात वर्षांच्या पोराला काय कळणार. पण इथे वाळवंटातल्या रस्त्यावर रात्री गाडी बंद पडली होती तेव्हा मला आधी ती टाच आठवली, आणि मग मदतीचा नंबर लावला. त्याला भूत म्हणू नका, एवढंच.

*

नाशिकहून

डोंगरात फिरणाऱ्यांसाठी रूपकुंड. उत्तराखंडात, जवळपास पाच हजार मीटरवर एक लहानसं तळं, आणि बर्फ वितळलं की काठावर माणसांची हाडं. १९४२ मध्ये एका वनरक्षकाने ती पाहिली. मी २०१६ मध्ये गेलो. आमच्या वाटाड्याने चपला बाहेर काढून ठेवल्यासारखे बूट लांब काढले आणि नंदादेवीची गोष्ट सांगितली: कनौजचा राजा नाचगाणं घेऊन यात्रेला आला, देवी कोपली, लोखंडासारख्या गारा पडल्या. काही कवट्यांवर गोल वस्तू वरून आदळल्याच्या खुणा खरंच सापडल्या आहेत.

इथपर्यंत ठीक होतं. २०१९ मध्ये ३८ सांगाड्यांच्या डीएनएचा अभ्यास आला. त्यात दक्षिण आशियातली माणसं साधारण इसवी सन ८०० च्या सुमाराची निघाली, तीही एकाच वेळी मेलेली नाहीत. आणि चौदा जण पूर्व भूमध्य भागातल्या लोकांशी जुळणारे, फक्त दोनेकशे वर्षांपूर्वीचे. तिकडची माणसं या तळ्याकाठी कशाला आली, कुणाबरोबर आली, त्यांच्यामागे घरी कुणी वाट बघत होतं का? रेवसचं वाचल्यापासून मला हा शेवटचा प्रश्न जास्त छळतोय.

*

कुडाळहून, पुन्हा मी

सगळं वाचलं, काही दोनदा. वाईच्या आजीचं वाचून धीर आला आणि आत्ता आईला फोन केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, आजोबांचे दिवस झाले त्या रात्री तू जागी होतीस ना? तिने मला पुढे बोलूच दिलं नाही. म्हणाली, "सुपारी कातरत होते. मागीलदारी, न्हाणीघराच्या पायरीवर."

मी म्हटलं, पडवीत. मला पडवीतून आला.

"नाही गं. मागून. मी कूस वळून दाराकडे तोंड केलं होतं, मला पक्कं आठवतं."

पडवी घराच्या पुढे, न्हाणीघर मागे, आणि मधल्या खोलीत आम्ही दोघी, एकाच गोधडीत.