परदेशी पाहुणे आले, पावरीसोबत चेलो वाजला, झाली का एकी?

गिरणाकाठ
ती पोस्ट कालपासून खान्देशातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरून राहिली, म्हणून शेवटी लिहायला बसलो. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पुण्यात स्थायिक झालेले आपलेच एक जळगावकर म्हणतायत की युरोपातून काही वादक आणू, सातपुड्यात पावरी (भोपळा-बांबूचं, फुंकून वाजवायचं आदिवासी वाद्य) आणि ढोल वाजवणाऱ्यांसोबत त्यांची निवासी कार्यशाळा घेऊ आणि शेवटी जळगावात भव्य कार्यक्रम करू. कारण काय, तर 'संगीताला जात नसते, धर्म नसतो, सीमा नसते', त्यामुळे आपल्याकडे माणसामाणसांत जे अंतर पडलंय ते भरून निघेल. खाली बदामांचा पाऊस.

भो, जात नसते म्हणता? आपल्या लग्नात बँड कोण वाजवतं ते जरा आठवा. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम ही गोऱ्यांच्या पलटणीची वाद्यं. गोरे गेले, वाद्यं राहिली, म्हणजे तुमचं आंतरराष्ट्रीय सहकार्य धुळे-जळगावच्या गल्लीबोळात केव्हाचं येऊन बसलंय. वाजवणारे बहुतेक दलित वस्तीतले नाहीतर मुसलमान, आणि त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या जातींच्या वराती काढल्या. मग झाली का एकी? चुलतभावाच्या लग्नात डोळ्यांनी पाहिलंय, पाहुण्यांच्या पंगती उठल्यावर बँडवाल्यांना मंडपामागे बसवलं, तोवर वरण संपलेलं, वांग्याची भाजी तळाला लागलेली, पोरांनी कोरड्या बट्ट्या ठेच्यासोबत खाल्ल्या आणि पुढच्या सुपारीला गाडीत बसले. यांच्याच ट्रम्पेटवर तासभर नाचलेल्या एकालाही त्यांची नावं माहीत नव्हती.

आणि पावरी तर अजून वेगळी. मार्गशीर्षात साक्री-पिंपळनेरच्या डोंगरपट्ट्यात डोंगऱ्या देव बसतो तेव्हा पावरीवाला तिथं देवाच्या कामाला असतो, त्याच्या सुरावर अंगात वारं येतं. ते उचलून स्टेजवर चेलोसारख्या युरोपी तंतुवाद्याशेजारी ठेवायचं आणि वर 'फ्यूजन' म्हणायचं. मला नाही पटत.

जळगावचा_पुण्यात
माझ्याच पोस्टवर एवढा मोठा निबंध, धन्यवाद. तुमचा राग पंगतीवर आहे आणि काढताय माझ्यावर. पंगत मी लावली होती का?

जगात हे झालंय हो. १९९९ साली जर्मनीत वाइमारला संगीतकार डॅनियल बॅरेनबॉइम आणि विचारवंत एडवर्ड सईद यांनी इस्रायली आणि अरब पोरं एका ऑर्केस्ट्रात बसवली, त्याचं नाव वेस्ट-ईस्टर्न दिवान. दोघांत एक नोटेशन स्टँड, म्हणजे पान उलटायलासुद्धा शेजाऱ्याकडे बघावं लागतं. २००५ साली ती पोरं पॅलेस्टाईनमधल्या रामल्लात जाऊन वाजवून आली. चेलोवादक यो-यो मा यांनी १९९८ मध्ये देशोदेशीच्या वादकांचं सिल्करोड सुरू केलं, त्यात आपले तबलावादक संदीप दास वर्षानुवर्षं वाजवतात. हे सगळे काय येडे आहेत? काहीच न करता गिरणेच्या काठावर बसून टोमणे मारायचे, त्यापेक्षा बरंच की.

गिरणाकाठ
रामल्लात वाजवून आली, बरं. मग? पुढे तिथं काय झालं ते रोज बातम्यांत बघतोच आपण. आणि खुद्द बॅरेनबॉइमच सांगायचे की हा शांतता प्रकल्प नाहीये, अज्ञानाविरुद्धचा आहे, समोरचा माणूस काय बोलतो ते ऐकून घ्यायचं, पटलंच पाहिजे असं नाही. ते एवढं जपून बोलतात आणि तुम्ही एका कार्यक्रमात अख्ख्या खान्देशात एकी करून मोकळे. बाकी पुण्यातनं सगळं सोपं दिसतं.

जळगावचा_पुण्यात
'पुण्यातनं' हे कधीतरी येणारच होतं. माझी आई आजही जळगावला राहते साहेब.

साक्रीची_लेक
दोघंही दादा लोक आमच्या पावरीवरून भांडताय आणि आम्हाला कोणी विचारलंच नाही, मज्जा आहे.

गिरणाकाठ दादा, आधी तुम्हाला. देवाचं आहे म्हणून स्टेजवर नको, हे ठरवणारे तुम्ही कोण? माझे मामा पावरी वाजवतात. भोपळा ते स्वतः बघून वाळवतात, बांबूच्या नळ्या बसवतात, मेणाने सांधे बुजवतात, पुढे शिंगाचा कर्णा. गाल फुगवून दम न तोडता वाजवायची, आज शिकतो म्हणणारं पोर गावात एक सापडत नाही. देवाच्या वेळचं वाजवणं वेगळं आणि लग्नातलं, नाचातलं वेगळं, हे मामांना चांगलं कळतं, त्यासाठी त्यांना तुमच्या राखणदारीची गरज नाही. आणि स्टेजवर पावरी आत्ता कुठे येतेय असं वाटतं का तुम्हाला? कोणी मंत्री आला की स्वागताला आमचीच माणसं, मोरपिसांचे टोप घालून उन्हात तीन-तीन तास उभी. शेवटी नारळ, टॉवेल आणि एक फोटो. तेव्हा कुणाला पावित्र्य आठवलं नाही.

आता पुण्याच्या दादांना. मागे बाहेरच्या देशातली एक विद्यार्थिनी आमच्या पाड्यावर आली होती थाळीवरची कथा ऐकायला. काशाची थाळी असते, तिच्या मधोमध मेणाने काडी उभी चिकटवायची आणि ओल्या बोटांनी ती वरून खाली ओढत राहायची, घूंऽऽ असा नाद येतो, त्यावर रात्रभर कथा चालते. तिने आधी विचारलं रेकॉर्ड करू का, सांगणाऱ्या आजोबांचं नाव बरोबर लिहून घेतलं, पैसे दिले आणि जाऊन पेन ड्राइव्ह पाठवला. आणि तालुक्याच्या गावातला आपलाच एक यूट्यूबवाला त्याच आजोबांची कथा मोबाईलवर घेऊन गेला, चॅनलवर स्वतःचं नाव टाकलं, वर जाहिराती. म्हणून मला परदेशी माणसाची भीती नाही वाटत. मधला माणूस कोण आहे तेवढं सांगा.

निवृत्त_मास्तर
ताई, तुमच्या यूट्यूबवाल्याचे थोरले भाऊ जगात होऊन गेलेत, तुमच्या आजोबांसारखं दुसऱ्याचंही असंच झालंय. सॉलोमन लिंडा म्हणून झुलू गायक होता, १९३९ साली त्याने दक्षिण आफ्रिकेत 'म्बुबे' गायलं, हक्क दहा शिलिंगला विकले गेले. त्याच चालीवर अमेरिकेत 'द लायन स्लीप्स टुनाइट' झालं, पुढे सिनेमात गेलं, आणि लिंडा १९६२ साली गरिबीतच वारला. त्याच्या मुलींना तडजोडीचे पैसे मिळायला २००६ उजाडलं. तेव्हा ताईंचा प्रश्न पहिला घ्या, एकीबिकी नंतर.

पण गिरणाकाठांना एवढंच सांगतो की भेसळीला इतकं घाबरू नका. पेटी फ्रान्समधून आली. आकाशवाणीने १९४० ते १९७१ तिच्यावर बंदी घातली होती, म्हणे आपल्या संगीताला शोभत नाही. आज पेटीशिवाय भजनी मंडळ उभं करून दाखवा. गणपतीत ज्याला आपण बेंजो म्हणतो त्याचं मूळ जपानचं, नागोयात १९१२ च्या सुमारास निघालेलं तैशोगोतो.

गिरणाकाठ
मास्तर, तुम्ही माझाच मुद्दा मांडताय. ही वाद्यं आली तेव्हा कुणी कार्यशाळा घेतली नव्हती, बॅनर लावले नव्हते, गरज होती म्हणून माणसांनी उचलली. वाद्य घरात घेतलं, वाजवणारा दाराबाहेरच राहिला. मी भेसळीला घाबरत नाही, भाषणाला घाबरतो.

बँडमास्तरचा_नातू
पंगत वाचून आलो. खरं आहे पण अर्धंच. शेवटी का होईना जेवायला तरी मिळायचं, आता सुपारीच मिळत नाही. आजोबांच्या ताफ्यात पंचवीस माणसं होती, क्लॅरिनेट आजोबांची. आता एका गाडीवर चार जण, एक कॅसिओ, एक पॅड, एक गायक, एक ड्रायव्हर, आणि बाकी स्पीकरची भिंत. लगीनसराई सोडली तर वर्षभर कोण कापूस वेचायला, कोण रिक्षा. ट्रम्पेट शिकायला पाच वर्षं लागतात, बटन दाबायला काय लागतं? तुम्ही चेलो आणा नाहीतर सारंगी आणा, आधी डीजे बंद करा.

डीजे_तापी
आला बटनवाला टोमणा. कर्ज काढून सेटअप घेतलाय, जनरेटरचं डिझेल, चार पोरांचा पगार, बटन दाबून होतं तर तू दाब. आणि एकीचं म्हणाल तर ती आमच्याकडेच आहे. वरातीत नाचताना कोण कोणाची जात विचारतं सांगा? अहिराणी गाणी आज सुरतच्या उधना-लिंबायतपासून पार कुठं कुठं वाजतात ती तुमच्या क्लॅरिनेटमुळे नाही, आमच्या स्पीकरमुळे. आदिवासी पोरं आमच्यासमोर नाचतात, मराठ्यांची नाचतात, मुसलमान पोरं तर आमच्या टीममध्येच आहेत. यापेक्षा इनक्लुसिव्ह काय असतं?

साक्रीची_लेक
नाचताना विचारत नाहीत, गाणं लावताना विचारतात ना. कोणत्या गल्लीत कोणतं गाणं, कुठं आवाज वाढवायचा, हे आधीच ठरलेलं असतं.

डीजे_तापी
ते गिऱ्हाईक सांगतं ताई. आम्ही नाही ठरवत.

बँडमास्तरचा_नातू
गिऱ्हाईक सांगतं म्हणे! मशिदीसमोर व्हॉल्यूम वर करायला हात कोणाचा असतो, गिऱ्हाईकाचा? आमच्या आजोबांच्या काळी नमाजाची वेळ असली की ताफा आपोआप थांबायचा, ताफ्यातलेच निम्मे नमाजाला जायचे.

भुसावळ_जंक्शन
डीजेचा विषय निघालाच आहे तर. वडिलांची बायपास झालेली, आणि घरासमोर विसर्जनाची मिरवणूक दीड तास थांबली, कपाटाची काच थरथरत होती, म्हाताऱ्याला मागच्या खोलीत नेऊन कानात कापूस घालून बसवलं. नियम २००० सालापासून आहे, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, दहानंतर बंद. ५५ म्हणजे साधं बोलणं हो! फोन केला तर उत्तर मिळालं, वर्षातून एकदाच असतं, समजून घ्या. समजूनच घेतोय इतकी वर्षं.

डीजे_तापी
वर्षात दोन-चार रात्री धंदा असतो काका. आणि बँड काय कुजबुजत वाजायचा का?

भुसावळ_जंक्शन
बँड पुढे निघून जायचा. तुमची भिंत हलत नाही.

जळगावचा_पुण्यात
विषय काय होता आणि कुठं गेला. डीजेसाठी वेगळा धागा काढा की.

निवृत्त_मास्तर
विषयावरच आहे, वाचा नीट. एकत्र राहायचं म्हणजे कोणाचा आवाज कुठं थांबतो हेच तर आहे. जळगावचा कार्तिकी एकादशीचा रथ भिलपुऱ्यात लालशाह बाबांच्या दर्ग्याशी थांबतो, चादर चढवतात, मग पुढे निघतो. धुळ्यात खुनी गणपतीची मिरवणूक मशिदीपाशी थांबते, तिथं आरती होते. नावातच तिथला जुना रक्तपात आहे. हे कोणत्या परदेशी पाहुण्याने शिकवलेलं नाही.

गिरणाकाठ
मास्तर, वर्षातून एकदा थांबतो. त्याचे फोटो काढून उरलेलं वर्षभर एकमेकांच्या वस्तीत घर भाड्याने देत नाहीत, तेही लिहा.

निवृत्त_मास्तर
तुम्हाला कोणतीच चांगली गोष्ट चांगली दिसत नाही असं दिसतं. असो.

साक्रीची_लेक
मला दिसते, पण मास्तर, दोन्ही खरं असू शकतं. आमच्याजवळच गुजरातच्या भरूच जिल्ह्यात रतनपूरला सिद्दी लोक आहेत, पूर्वज आफ्रिकेतले, त्यांचं मलुंगा नावाचं धनुष्यासारखं वाद्य, सरळ आफ्रिकेशी नातं सांगणारं. त्यांचा धमाल नाच युरोप-अमेरिकेच्या स्टेजवर जाऊन आला. आणि नंदुरबारच्या किती लोकांना माहितीये की एवढ्या जवळ हे लोक राहतात? पुण्याच्या दादांना खरंच काही करायचं तर वाइमारचं तिकीट काढायच्या आधी रतनपूरला फोन करा. मामांना तिथं न्यायला आवडेल मला.

जळगावचा_पुण्यात
हे मात्र मला सुचलं नव्हतं. (गिरणाकाठ, लगेच खूश होऊ नका, तुम्हालाही सुचलं नव्हतं.) मग युरोपवाले नकोच असं म्हणायचंय का ताई?

साक्रीची_लेक
येऊ दे की. फक्त मार्गशीर्षात नको, तेव्हा मामा कुणाचेच नसतात. काय वाजवायचं, काय नाही ते मामा सांगतील आणि त्यावर वाद नाही. मानधन परदेशी वादकाला जेवढं तेवढंच, तेही आधी ठरवून, कागदावर. रेकॉर्डिंग झालं तर नाव आणि हक्क वाजवणाऱ्याचे. आणि जेवायला सगळे एकत्र, एकाच वेळी.

जळगावचा_पुण्यात
समान मानधन? बजेट बघावं लागेल.

गिरणाकाठ
आलं का बजेट. संगीताला सीमा नसते, बजेटला असते.

जळगावचा_पुण्यात
बघतो म्हटलं ना! नाही म्हटलेलं नाही. एक वादक कमी आणतो, झालं? तुम्ही येणार का कार्यक्रमाला, की पुन्हा घरूनच निबंध?

गिरणाकाठ
कागदावर सह्या झाल्या की येईन. भाषणं संपल्यावर.

डीजे_तापी
साउंड लागेल ना पण? आदिवासी कार्यक्रमाला अर्ध्या रेटमध्ये देतो, खरं सांगतो.

बँडमास्तरचा_नातू
तुझा अर्धा रेट माहितीये, पावरी ऐकायला आलेल्यांना तुझा बासच ऐकू यायचा. दोन माइक आणि एक साधा मिक्सर पुरे, ते माझ्याकडे आहे.

डीजे_तापी
तुझ्या मिक्सरचा एक चॅनल गेलाय, चाळीसगावच्या लग्नात सगळ्यांनी ऐकलंय.

भुसावळ_जंक्शन
दहाला बंद करणार ना पण?