मदत हवी आहे: टेक्सासमधल्या स्टार काउंटीचे जुनेच मतदार फिरले की मतदारच नवे आले?

कॉलेजच्या अंकासाठी अमेरिकेतल्या लॅटिनो (मूळ लॅटिन अमेरिकेतल्या) मतदारांवर लेख लिहितेय आणि एका काउंटीपाशी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) येऊन अडकलेय. रिओ ग्रांदे नदीकाठची स्टार काउंटी. पलीकडे मेक्सिको. लोकवस्ती जवळपास सगळीच लॅटिनो. 1892 नंतर 2024 पर्यंत इथे एकही रिपब्लिकन अध्यक्षीय उमेदवार जिंकला नव्हता. 'लॅटिनो वाढले की डेमोक्रॅट वाढणार' हे गणित इथे साफ कोसळतं, म्हणून मला हेच उदाहरण हवंय.

निकाल असे: 2016 मध्ये क्लिंटन सुमारे 9,300, ट्रम्प 2,200. 2020 मध्ये बायडन 9,100, ट्रम्प 8,200. म्हणजे डेमोक्रॅटांची मतं जवळपास तेवढीच आणि ट्रम्पची जवळजवळ चौपट! हे नवे मतदारच वाटतात. पण 2024 मध्ये हॅरिस 6,900 वर घसरल्या, ट्रम्प 9,500 वर गेले. इथे माझा तर्क थांबतो.

जनगणनेचे तक्ते आणि काउंटीनिहाय निकाल पाहून झाले. एक्झिट पोल राज्यापुरतेच असतात, त्यांचा उपयोग नाही. टेक्सासमध्ये मतदार नोंदणीत पक्ष लिहीत नाहीत, त्यामुळे तोही मार्ग बंद. विकतचा डेटा परवडणार नाही. महागाई, सीमेवरच्या नोकऱ्या ही कारणं वाचली आहेत, ती नकोत.

बूथनिहाय निकाल आणि प्रायमरीतल्या (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीतल्या) मतदानाच्या नोंदी जोडून, पक्ष बदललेले, घरी बसलेले आणि पहिल्यांदा आलेले मतदार वेगळे काढता येतात का? कसे?