अ‍ॅक्वापोनिक्स: नायट्रेट आहे, मासे ठीक आहेत, तरी नवी पानं पिवळी का?

पाणकोबी
मंडळी, जरा डोकं लावा. घरीच छोटं अ‍ॅक्वापोनिक्स (माशांच्या पाण्यावर मातीशिवाय झाडं) उभं केलंय. ५०० लिटरची माशांची टाकी, तिच्यावर एक बाय एक मीटरचा ग्रो बेड, त्यात ३० सेंटीमीटर खडी, खाली पंप आणि बेडमधून पाणी परत टाकीत यायला बेल सायफन, म्हणजे बेड भरला की तो आपोआप रिकामा करणारी नळी. मासे गोल्डफिश आहेत, पंचवीसेक असतील, हाताच्या बोटाएवढे. मासे सोडायच्या आधी नुसता अमोनिया घालून सिस्टीम सायकल केली होती (म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू वाढवले होते), ते काम व्यवस्थित झालं, आता अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ४० च्या आसपास दाखवतंय. म्हणजे कागदावर सगळं झकास.

पण झाडं बघितली तर रडायला येतं. तुळस आणि लेट्यूस दोन्हीची वरची कोवळी पानं पिवळी, काही तर जवळजवळ पांढरट, फक्त शिरा हिरव्या राहिल्यात. खालची जुनी पानं मात्र ठीक दिसतात. पीएच ७.८ ते ८ च्या मध्ये कुठेतरी. सायट्रिक अ‍ॅसिड घालून खाली आणला की संध्याकाळी ७ दिसतो आणि एकदोन दिवसांत परत आपल्या जागेवर. खायला कमी पडतंय का माशांना? अजून मासे सोडू का? आणि दुसरं म्हणजे सायफन सुरू होतो पण बंदच होत नाही, बेड रिकामा झाला तरी बारीक धार चालूच राहते आणि मग बेड परत भरतच नाही. त्यावरही कुणी सांगा.

शेवाळकाका
मासे अजिबात वाढवू नका. तुमच्याकडे नायट्रोजनची कमी नाहीये. नायट्रोजन कमी पडला की आधी जुनी, खालची पानं पिवळी पडतात, कारण झाड तिथला नायट्रोजन काढून वरच्या कोंबाला पाठवतं. लोहाला तसं हलवता येत नाही, त्यामुळे लोह कमी पडलं की पहिला फटका नव्या पानाला, आणि शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. तुम्ही जे लिहिलंय ते तंतोतंत लोहच आहे. माशांच्या खाद्यात लोह तसंही फारसं नसतं, बहुतेक सगळ्या अ‍ॅक्वापोनिक्समध्ये ते वरून घालावंच लागतं. आणि पीएच ८ ला जे काही असेल तेसुद्धा झाडाच्या उपयोगाचं राहत नाही, साका होऊन तळाशी बसतं. मँगनीज आणि फॉस्फरसचंही थोडंफार तेच.

आता खरा प्रश्न असा की पीएच वर कोण ढकलतंय. सायकल झालेल्या सिस्टीममध्ये पीएच आपोआप खाली यायला पाहिजे, कारण अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं, पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल झेलायची ताकद, खाल्ली जाते. लोक सहसा उलटी तक्रार घेऊन येतात की पीएच ६ च्या खाली गेला. तुमचा वरच बसलाय म्हणजे कुठूनतरी सतत चुना विरघळतोय. माझा पूर्ण संशय खडीवर आहे. खडी चुनखडीची असेल किंवा तिच्यात शिंपल्यांचे तुकडे असतील तर तुम्ही कितीही अ‍ॅसिड ओता, ती खडी ते पिऊन टाकणार आणि वर अजून चुना सोडणार.

मूठभर खडी घ्या, धुवा, कोरडी करा, वाटीत टाकून वरून व्हिनेगर ओता आणि कान जवळ नेऊन ऐका. बुडबुडे किंवा चरचर झाली तर चोर सापडला.

अर्धवट माळी
काकांशी सहमत, पण खडीवर आळ घ्यायच्या आधी पाणीही तपासा, काही ठिकाणचं बोअरचं पाणी मुळातच इतकं जड असतं की खडी बिचारी निर्दोष असते. दोन बादल्या घ्या, दोन्हीत तुम्ही टाकीत भरता तेच पाणी, एकीत खडी घाला, दुसरीत काही नाही, आणि दोन दिवसांनी दोन्हीचा पीएच बघा. नळाचं पाणी लगेच मोजू नका, ताज्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो त्यामुळे पीएच खोटा कमी दिसतो, एक दिवस उघडं राहिलं की खरा आकडा कळतो.

आणि ते सायट्रिक अ‍ॅसिड आधी बंद करा प्लीज. ते जीवाणूंना मारक आहे आणि तुमचा सगळा डोलारा त्या जीवाणूंवरच उभा आहे. वर आणखी ते थेट टाकीत ओतताय म्हणजे माशांना एका दिवसात ८ वरून ७ आणि परत ८ असा झोका देताय. स्थिर ७.८ गोल्डफिशला चालतो, हा झोका नाही चालत. पीएच उतरवायचाच असेल तर नवीन भरायचं पाणी वेगळ्या पिंपात घेऊन त्यात फॉस्फोरिक अ‍ॅसिड थोडं थोडं घालायचं, ढवळायचं, दुसऱ्या दिवशी परत मोजायचं, आणि मग ते पाणी टाकीत. हातमोजे आणि चष्मा घालून, आणि अ‍ॅसिड पाण्यात घालायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये नाही.

निळं पिंप
सायफनबद्दल. धार तुटत नाही याचा अर्थ बेलमध्ये (उभ्या नळीवर पालथी घातलेली, वरून बंद मोठी नळी) हवा शिरत नाहीये. बेलच्या बुडाशी ज्या खाचा असतात त्या किती मोठ्या आहेत बघा, आणि बाहेरची जाळीची नळी मुळांनी किंवा बारीक खडीने बुजलीय का तेही. बहुतेक वेळा कारण सोपं असतं, पंप जास्त पाणी टाकतोय, म्हणजे सायफन जेवढं ओढतो जवळपास तेवढंच आत येतंय, त्यामुळे पातळी खाचेखाली जातच नाही. पंपाच्या पाइपला व्हॉल्व्ह लावून थोडं पाणी परत टाकीतच सोडा. टाकीचं पाणी तासाला एकदा फिरलं की पुरे, ५०० लिटरला ५०० लिटर. एवढं करूनही नाही तुटलं तर बेलच्या डोक्यातून एक बारीक हवेची नळी काढा आणि तिचं दुसरं टोक बेलच्या बाजूने खाली आणून खाचेच्या जरा वर ठेवा, पातळी तिथे आली की ती हवा ओढते आणि सायफन घुर्र करून तुटतो. तो आवाज एकदा ऐकला की मग झोपेतसुद्धा ओळखू येतो :)

उलटं झालं, म्हणजे सायफन सुरूच झाला नाही आणि उभ्या नळीवरून नुसतं झिरपत राहिलं, तर पाणी कमी पडतंय. तेव्हा पंप वाढवा किंवा खालच्या पाइपच्या टोकाला एक एल्बो लावा.

अर्धवट माळी
किंवा सायफनच काढून फेका. टायमर लावा, १५ मिनिटं पंप चालू, ४५ मिनिटं बंद, उभ्या नळीच्या बुडाशी एकदोन छोटी भोकं पाडा, पंप बंद झाला की बेड आपोआप रिकामा होतो. बिघडायला काही नाहीच.

निळं पिंप
बिघडायला टायमर आहे ना! आणि पंप ४५ मिनिटं बंद म्हणजे तेवढा वेळ पाणी पडण्याने मिळणारा ऑक्सिजनही बंद, मग एअर पंप सक्तीचा. सायफनमध्ये पंप सतत चालतो, पाणी सतत पडतं. ज्याला जे जमेल ते करावं, पण एकदा नीट बसवलेल्या सायफनला मी तरी हात लावत नाही.

अर्धवट माळी
एअर पंप तर दोन्हीकडे सक्तीचाच धरा. २५ अंशाला पाण्यात जास्तीत जास्त सव्वाआठ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच, आणि मासे आणि जीवाणू दोघंही त्यातूनच घेणार. ५ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. वीज गेली की सगळ्यात आधी हेच संपतं, झाडं दिवसभर थांबतील, गर्दी असली तर मासे काही तासही थांबणार नाहीत. बॅटरीवरचा एअर पंप आणून ठेवा, बाकी हौसेच्या गोष्टी नंतर.

पाणकोबी
रिपोर्ट देतो. व्हिनेगर टाकल्यावर खडी अक्षरशः फसफसली. बादल्यांचंही केलं, नुसतं पाणी ७.३ आणि खडीवालं ८.१. म्हणजे काका, चोर खडीच. सायट्रिक बंद केलंय. व्हॉल्व्ह लावून पंपाचं पाणी कमी केलं तर सायफन आता तुटतो, निळं पिंप यांचे आभार.

आता काय? सगळी खडी काढून नवीन भरू? आणि नायट्रेट ४० आहे हे तरी खरं मानायचं ना?

शेवाळकाका
एकदम सगळी काढू नका!! तुमचे जीवाणू त्या खडीवरच चिकटून राहतात, पाण्यात फार थोडे असतात. सगळी काढलीत तर सायकल पुन्हा पहिल्यापासून, आणि ती आता माशांसकट. अर्धा बेड बदला, तीनचार आठवडे थांबा, मग उरलेला अर्धा. त्या काळात खाद्य निम्म्यावर आणा आणि अमोनिया, नायट्राइट रोज बघा. पीएच वर असताना अमोनिया जास्त घातक असतो हे लक्षात ठेवा. २५ अंशाच्या पाण्यात पीएच ७ ला एकूण अमोनियाच्या अर्धा टक्काच विषारी रूपात असतो, ८ ला तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. टेस्ट किटचा रंग तोच, परिणाम दहापट.

नायट्राइट वर गेलं आणि मासे धापा टाकायला लागले तर लिटरला एक ग्रॅम साधं मीठ, त्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. लेट्यूस, तुळस एवढं मीठ सहन करतात, स्ट्रॉबेरी लावली असेल तर मात्र ती आधी हलवा.

नवीन माध्यम म्हणून भाजलेल्या मातीचे गोळे घ्या, हलके आणि पीएचला निरुपद्रवी. नाहीतर काळ्या दगडाची खडी, ८ ते २० मिलिमीटरची. पण घेण्याआधी व्हिनेगर.

नायट्रेटचं किट द्रवाचं असेल तर दुसरी बाटली वापरायच्या आधी जोरात हलवता का? नुसती वरखाली करून चालत नाही, तिच्यातली पावडर तळाशी घट्ट बसते आणि मग आकडा कमी येतो. अर्धा मिनिट दणकून हलवा. तुमचा आकडा खोटा असलाच तर खरा जास्तच असेल, त्यामुळे खाद्याची चिंता नकोच.

निळं पिंप
मी जरा वेगळं म्हणतो, खडी बदलायचीच असं नाही. खूप जण ७.६, ७.८ ला वर्षानुवर्षं चालवतात. लोह द्या, पण योग्य प्रकारचं. चिलेट म्हणजे लोहाला धरून विरघळलेलं ठेवणारं संयुग, त्यातलं ईडीटीए पीएच साडेसहाच्या वर टिकत नाही, तुमच्याकडे घालणं म्हणजे पाण्यात घालवणंच. डीटीपीए साधारण सातपर्यंत. तुमच्या पीएचला ईडीडीएचए पाहिजे. लिटरला २ मिलिग्रॅम लोह हा हिशोब, ५०० लिटरला १ ग्रॅम लोह झालं, पुडीवर ६ टक्के लिहिलं असेल तर साधारण १७ ग्रॅम. बादलीत विरघळवून घाला. पाणी लालभडक होईल, घाबरू नका, माशांना काही होत नाही. तीनेक आठवड्यांनी पानं बघून परत. पिवळी झालेली जुनी पानं फार सुधारणार नाहीत, त्यांच्याकडे बघू नका, नवीन कोंब कसा येतो ते बघा.

शेवाळकाका
लोह लगेच द्यायला हवं हे मान्य, ईडीडीएचएच हेही मान्य. पण खडी तशीच ठेवली तर कायमचं तेच विकत आणत बसाल, आणि मँगनीज, फॉस्फरसचं काय? छोटा बेड आहे, ३०० लिटर खडी, बदला आणि मोकळे व्हा. पीएच ६.८ ते ७ ला आला की झाडं, मासे, जीवाणू तिघांचंही बरं चालतं, कुणाचंच अगदी मनासारखं नाही पण कुणी उपाशीही नाही.

पाणकोबी
आधी लोह आणि मग अर्धी अर्धी खडी, असं ठरवलं. एक शंका, तुळशीवर मावा दिसतोय, नीमतेल मारू का?

अर्धवट माळी
बेडवर नको. ठिबकून पाण्यात गेलं तर मासे जातील. साबणाचं पाणी तर त्याहून नको, कल्लेच खराब होतात. आणि तांब्याचं कुठलंही औषध चुकूनसुद्धा नाही. मावा असेल तर पाण्याची जोरदार फवारणी करून झटकून टाका, फार झालेल्या फांद्या छाटा. अळ्या असत्या तर बीटी (जीवाणूंपासून केलेलं अळीनाशक) चाललं असतं, माव्यावर त्याचा उपयोग नाही.

नवशिका
मध्येच घुसतो, माफ करा. मला गच्चीवर असंच ५०० लिटरचं करायचंय. खाद्य किती द्यायचं आणि मासे किती, कुणी एका ओळीत सांगेल का?

शेवाळकाका
एका ओळीत नाही बसणार. बेडपासून उलटं मोजा. पालेभाज्या असतील तर एक चौरस मीटरला रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य लागतं, फळभाज्या असतील तर ५० ते ८०. मोठा मासा रोज वजनाच्या एकदोन टक्के खातो, म्हणजे ५० ग्रॅमसाठी तीनेक किलो मासे पुरतात. ५०० लिटरमध्ये दहा किलोच्या वर कधीच जाऊ नका, नवीन असाल तर निम्म्यावर थांबा. मासे लहान असतील तर बेड अर्धाच लावा, मासे वाढतील तशी झाडं वाढवा. आणि पाच मिनिटांत जे संपत नाही ते जाळीने काढून टाका, कुजलेलं खाद्य हे अमोनियाचं सगळ्यात मोठं कोठार.

पाणकोबी, तुमच्यासाठी अजून एक. काढलेली खडी सगळी फेकू नका. नवीन माध्यम बसलं की काही महिन्यांत पीएच घसरायला लागेल, साडेसहाच्या खाली गेला की जीवाणू सुस्त होतात. तेव्हा हीच खडी मूठ दोन मूठ जाळीच्या पिशवीत घालून टाकीत टांगा, ६.८ झाला की काढा. कॅल्शियमही मिळतं. पोटॅशियम हवं असेल तर आलटून पालटून पोटॅशियम बायकार्बोनेट.

निळं पिंप
@नवशिका, गच्चीवर असेल तर आधी वजन. ५०० लिटर पाणी म्हणजे ५०० किलो, खडीचा ३०० लिटरचा बेड पाण्यासकट त्याच्याही पुढे जाईल. इंजिनिअरला विचारल्याशिवाय स्लॅबच्या मधोमध ठेवू नका, आणि बेडमध्ये खडीऐवजी मातीचे गोळेच घ्या. टाकीवर झाकण किंवा काळं कापड हवंच, ऊन थेट पडलं की आठवड्यात पाणी हिरवंगार.

नवशिका
वजनाचा विचारच नव्हता केला. गच्ची रद्द, खाली अंगणात करतो. तिथे ऊन फक्त सकाळचं चार तास येतं, चालेल का?

अर्धवट माळी
पुदिना, लेट्यूस, पालक चालेल. टोमॅटोचा नाद सोडा.