नोकरी सोडल्यावर कापूस खरेदीचे कमिशन मिळते का?

प्रश्न (हिंगणघाट तालुका)
नमस्कार. मी एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात) पगारी खरेदीदार होतो. नेमणूकपत्रात दरमहा पगार आणि माझ्या हातून झालेल्या खरेदीवर क्विंटलमागे दहा रुपये कमिशन, "हिशोब हंगामाच्या शेवटी", असे लिहिले आहे. दिवाळीपासून जानेवारीअखेरपर्यंत खेडा खरेदीत (गावोगावी जाऊन थेट शेतकऱ्यांकडून) मी 2,400 क्विंटल कापूस घेतला आणि वडिलांच्या आजारपणामुळे फेब्रुवारीत रीतसर राजीनामा दिला. आता मालक म्हणतात की हंगाम पुरा केला नाही म्हणून कमिशन नाही, शिवाय एक गाडी ओली निघाली. चोवीस हजारांवर पाणी सोडावे लागेल का?

प्रतिसाद (वकील, यवतमाळ)
भाऊ, घाईने काही सोडू नका. "हिशोब हंगामाच्या शेवटी" हे शब्द पैसे केव्हा द्यायचे ते सांगतात; तोवर नोकरीत राहिलेच पाहिजे, अशी अट त्यातून निघत नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 219 प्रमाणे वेगळा करार नसेल तर एजंटाचा (इथे मालकासाठी खरेदी करणाऱ्या तुमचा) मोबदला काम पूर्ण झाल्यावर देय होतो, आणि खरेदीदाराचे काम कापूस काट्यावर मोजून जिनिंगने उतरवून घेतला की पूर्ण होते, असे माझे मत आहे. त्या कापसाच्या गाठी मालकाने पुढे केव्हा विकल्या याच्याशी तुमचा संबंध नाही. मात्र "हंगामअखेर कामावर असणाऱ्यासच" असे पत्रात कुठे लिहिले असेल, तर बाजू कमकुवत होईल. म्हणून पत्र पुन्हा शब्दशः वाचा.

प्रतिसाद (जिनिंगमधील निवृत्त मुनीम, वणी)
ओल्या गाडीबद्दल सांगतो. सीसीआय (सरकारी भारतीय कापूस महामंडळ) 12 टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असलेला कापूस घेत नाही, पण खासगी जिनिंग कटती (ओलाव्यापोटी कपात) लावून घेते. काटापट्टीवर (वजनाच्या पावतीवर) कटती नोंदली असेल, तर मालकाने तो माल पाहूनच स्वीकारला.

प्रश्नकर्ता
होय काका, त्या गाडीच्या पट्टीवर कटती आहे.

प्रतिसाद (वकील, यवतमाळ)
मग हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. कलम 220 नुसार गैरवर्तन सिद्ध झाले तरी कमिशन जाते ते तेवढ्याच भागाचे, साऱ्या हंगामाचे नाही. निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असेल तर मालक ते वेगळे मागू शकतात, पण ते त्यांना दाखवून द्यावे लागेल. काटापट्ट्या, राजीनाम्याची पोच आणि नेमणूकपत्र यांच्या प्रती जोडून पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. दाव्याची मुदत रक्कम देय झाल्यापासून तीन वर्षे आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत अर्ज करून पाहा.