सगळे पैसे ग्राफिक्स कार्डात ओता, हा सल्ला आता पुरे

कळंबकर

परवाच्या धाग्यावर एका मुलाने ७० हजारांत गेमिंग पीसीची यादी मागितली होती. फक्त टॉवर, मॉनिटर त्याच्याकडे आहे. सगळ्यांनी उचलून धरलेला प्रतिसाद असा: ‘४० हजार कार्डात घाल, एनव्हिडियाचं ५०६० टीआय ८ जीबी घे. खाली रायझन ५५०० प्रोसेसर, ए५२० बोर्ड आणि रॅमची १६ जीबीची एक स्टिक. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) कॅबिनेटसोबत येतो तोच राहू दे. फ्रेम कार्ड देतं, बोर्ड नाही.’ हे वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

५०६० टीआय आठच लेनवर (कार्ड आणि बोर्डामधल्या डेटाच्या वाटा) चालतं. कार्ड जेन ५ चं (या वाटांची पाचवी पिढी, दर पिढीला वेग दुप्पट), पण ५५०० आणि ए५२० दोन्ही जेन ३ वर अडकलेले. म्हणजे रस्ता एक चतुर्थांश. कार्डाची मेमरी भरत नाही तोवर याचा पत्ताही लागत नाही. ८ जीबी भरली की टेक्स्चर (गेममधल्या पृष्ठभागांची चित्रं) रॅममधून त्याच अरुंद वाटेने यायला लागतात. सरासरी एफपीएस (सेकंदाला फ्रेम) छान दिसतो, पण गेममध्ये मान वळवली की झटका. वर रॅमची एकच स्टिक, म्हणजे तिथली बँडविड्थही निम्मी. त्यापेक्षा रायझन ५६०० बरा: त्याला कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) ३२ एमबी आहे, ५५०० ला १६. शिवाय ५६०० बी५५० बोर्डावर जेन ४ देतो.

आता एसएमपीएस. कॅबिनेटसोबत फुकट आलेला एक भाच्याकडे उघडून पाहिला. खोक्यावर ठळक अक्षरात ५०० वॅट. आतल्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. कार्ड १८० घेतं, प्रोसेसर ७६ पर्यंत जातो. बेरीज २५६. लोड आला की हा डबा काय करणार?

पैसे वाचवायचेच असतील तर काचेचं कॅबिनेट, रंगीत पंखे आणि वेगळा कूलर यांत वाचवा. ५६०० च्या खोक्यात कूलर येतो, १०८०पी ला तो पुरतो.

खेळिया_नाशिक

दादा, तुमचं गणित बरोबर असेल, पण तुम्ही पगारावर बसून बोलताय. आमच्यासारख्यांना घरून पैसे एकदाच मिळतात. तेही बारावी, सीईटी, ॲडमिशन सगळं झाल्यावर. त्या एका वेळी कार्ड लहान घेतलं तर पुढची चार वर्षं तेच. रॅमची दुसरी स्टिक नंतर कधीही टाकता येते, कार्ड ‘नंतर’ कोण घेऊन देतं?

माझ्याकडे अगदी हीच यादी आहे, फक्त कार्ड ४०६०. व्हॅलोरंट आणि जीटीए ५ मस्त चालतात. झटके-बिटके काही नाहीत.

कळंबकर

व्हॅलोरंट आणि जीटीए ५ मध्ये ८ जीबी भरतच नाही, मग झटके येतील कुठून? त्या दोन खेळांसाठी ४० हजारांचं कार्ड लागतही नाही. आणि ‘रॅम नंतर टाकू’ म्हणणाऱ्यांनी २०२५ च्या शेवटापासून रॅमचं काय झालं ते बघावं. एआयच्या डेटा सेंटरनी सगळा माल उचलला, मायक्रॉनने डिसेंबरात क्रुशल या रॅमच्या ब्रँडचा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करायचं जाहीर केलं. ‘नंतर’ म्हणणारे आता दुप्पट पैसे मोजतायत.

चिंचवड_एएम५

दोघंही मेलेल्या सॉकेटवर (बोर्डातली प्रोसेसरची खाच) भांडताय. ५५००, ५६०० बसतात त्या एएम४ वर नवा पैसा घालायचाच कशाला? त्याच्या पुढचा एएम५ सप्टेंबर २०२२ ला आला. २०२४ ला प्रोसेसरची ९००० मालिका त्याच बोर्डावर फक्त बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून बसली. आज रायझन ७६०० घ्या, पुढे फक्त प्रोसेसर बदला. एएम४ च्या लोकांना हाच फायदा मिळाला होता ना? २०१८ च्या बी४५० बोर्डावर २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर चालला. आता तेच सुख पुढच्यांना नको?

कळंबकर

सुख हवंच आहे. पण एएम५ ला नव्या, महाग डीडीआर५ रॅमशिवाय पर्याय नाही, आणि आज बजेटचा कणा तिथेच मोडतो. एक लाखाचं बजेट असतं तर मीही ७६०० च सांगितला असता.

जुनाबाजार

सेकंडहँड ३०६० १२ जीबी कार्ड घ्या, विषय संपला. मायनिंगची (क्रिप्टो नाणी काढायला राबवलेली) कार्डं म्हणून लोक उगाच घाबरतात. इथेरियमचं मायनिंग सप्टेंबर २०२२ लाच संपलं, तेव्हापासून टिकलेलं कार्ड टिकतंच. थर्मल पेस्ट आणि पॅड बदला, पंखे तपासा. फक्त जीटीएक्स १६ मालिका किंवा ५७०० एक्सटी स्वस्त दिसली म्हणून उचलू नका. ‘डूम: द डार्क एजेस’सारखे खेळ हार्डवेअर रे ट्रेसिंगशिवाय (कार्डातच प्रकाशकिरण मोजायची सोय, जी यांत नाही) सुरूच होत नाहीत.

माणदेशी

एसएमपीएसचा विषय निघालाच आहे तर बोलतो. पुण्या-मुंबईत बसून वॅट मोजणं सोपं आहे. आमच्याकडे शेतीचे पंप सुरू झाले की मीटरवर १६० व्होल्ट दिसतात. माझा पहिला पीसी तसाच गेला. संध्याकाळी दिवे पिवळे पडले, पंखा मंदावला आणि टॉवरमधून जळका वास. फुकटचा एसएमपीएस बोर्डाला सोबत घेऊन गेला. दुकानदार म्हणाला, व्होल्टेजला वॉरंटी नसते.

आता ॲक्टिव्ह पीएफसीवाला (कमी-जास्त व्होल्टेज सावरून घेणारा), १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला घेतलाय. त्याच १६० वर मशीन बंद पडत नाही. मात्र कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. टेस्टर लावला तर दिवा लागतो. यावर कोणी बोलत नाही, सगळे एफपीएसवर.

कळंबकर

घरात अर्थिंग नाहीये तुमच्या. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थ मिळाला नाही की बॉडी साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगते. करंट अगदी थोडा, म्हणून फक्त झिणझिण्या. पण तशाच अवस्थेत एचडीएमआय टीव्हीला लावलीत तर पोर्ट जायची भीती.

जुनाबाजार

सोपा उपाय आहे. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात वायरचा तुकडा टाका. आमच्या वायरमनने सगळ्या खोल्यांत टाकलाय, कित्येक वर्षं झाली, काही होत नाही.

तारतंत्री

हा प्रतिसाद संपादकांनी ताबडतोब उडवावा. मी वीजकामातच आहे. तो तुकडा टाकला आणि मागे कुठे न्यूट्रल तुटली, की फेज लोडमधून फिरून थेट तुमच्या कॅबिनेटवर, फ्रिजवर, वॉशिंग मशीनवर येतो. पूर्ण २३०. झिणझिण्या नाहीत, माणूस चिकटतो. ‘काही होत नाही’ म्हणजे अजून न्यूट्रल तुटलेली नाही.

जुनाबाजार

भाषा जरा सांभाळा. गावात अर्ध्या घरांत असंच आहे. सगळे काय मेले का?

तारतंत्री

मेलेले प्रतिसाद द्यायला येत नाहीत, साहेब. मी शेजारच्या गावात अशा घरातून ओल्या हाताने फ्रिज धरलेल्या बाईला सोडवलंय. ती वाचली कारण पायात चप्पल होती. राग आला तर येऊ दे, पण आज संध्याकाळी मेन बंद करून तो तुकडा काढून घ्या. माणदेशी, तुम्ही अंगणात अर्थचा रॉड पुरून घ्या, तिथून जाड वायर बोर्डापर्यंत आणा आणि मेनला ३० मिलिअँपची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) बसवा. उन्हाळ्यात रॉडच्या खड्ड्यात पाणी घालत जा.

माणदेशी

आभार. अर्थिंगचं करून घेतो. यूपीएसचंही सांगा. ६०० व्हीएचा लावलाय, लाइट गेली की मशीन त्या क्षणी बंद. मग यूपीएसचा उपयोग काय?

तारतंत्री

त्या ६०० व्हीएतून साधारण ३६० वॅट मिळतात, आणि विजेची लहर शुद्ध साइन (गुळगुळीत) नसते. ॲक्टिव्ह पीएफसीच्या एसएमपीएसला ती पुष्कळदा झेपत नाही. गेम चालू असताना लाइट गेली की बंद पडणारच. प्युअर साइन वेव्हचा घ्या, महाग पडेल.

खेळिया_नाशिक

म्हणजे आता ७० हजारांत अर्थिंग, आरसीसीबी आणि साइन वेव्ह यूपीएसही बसवायचा का? मुलाने विचारलं काय आणि चाललंय काय.

कळंबकर

अर्थिंग घराचं काम आहे, ते पीसीच्या बजेटमध्ये मोजू नकोस. एसएमपीएस मात्र मोजायचाच. ८० प्लसचा शिक्का बघून फसू नका, तो फक्त कार्यक्षमता सांगतो. ओव्हरव्होल्टेज आणि ओव्हरकरंटचं संरक्षण आहे का ते वेगळं बघावं लागतं.

खेळिया_नाशिक

ठीक आहे. तुमचा प्रतिसाद वाचून माझ्या एसएमपीएसचा स्टिकर पाहिला, १२ व्होल्टला २० अँपिअर लिहिलंय. तो बदलतो. पण कार्डाबद्दल माझं मत तेच. प्रोसेसरवर पैसे वाढवून कार्ड एक पायरी खाली आणणं मला पटत नाही.

कळंबकर

पायरी खाली कुठे म्हणतोय? आठ लेनचं ८ जीबी कार्ड घेण्यापेक्षा एएमडीचं १६ लेनचं १६ जीबी ९०६० एक्सटी बघ, भाव थोडाच पुढे-मागे असतो. जुन्या जेन ३ बोर्डावर तर त्याचा फायदा जास्तच. त्यात तुझं ‘मोठं कार्ड घ्या’ हे म्हणणं राहतं, हे मान्य करतो.

७०_हजारवाला

मूळ प्रश्न माझाच. घर कोल्हापूरला, वायरिंग जुनं, अर्थिंग उद्याच तपासून घेतो. ५६००, बी५५०, ८ च्या दोन स्टिक, नावाजलेला ५५० वॅटचा एसएमपीएस आणि साधं पत्र्याचं कॅबिनेट असं धरलंय. १६ जीबी कार्ड लावून बजेट थोडं वर जातंय, ते काकांकडून उसने घेईन. खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला करायची की ऑनलाइन?

कळंबकर

दोन्हीकडचे भाव घेऊन ये. लॅमिंग्टन रोडला घेतलंस तर ‘बिल नको, जीएसटी वाचेल’ असं कोणी म्हणालं की उठून पुढच्या दुकानात जा. १८ टक्के वाचवायला जाशील आणि तीन वर्षांची वॉरंटी घालवून बसशील. कार्ड, बोर्ड आणि एसएमपीएस, तिघांचे सीरियल नंबर बिलावर लिहून घे आणि खोकी माळ्यावर टाक, रद्दीत देऊ नकोस.