'खवट' आणि 'बुरसलेला' : एकच का?

कोरेगावची लेक
मंडळी, घरात वाद लागलाय. माहेरहून शेंगा आल्या, ऐन काढणीत पाऊस लागलेल्या. फोडल्या तर बरेच दाणे सुरकुतलेले, दोनचार टरफलांत आतून पिवळट-हिरवी पूड. सासूबाई म्हणाल्या, "जरा खवट झाल्यात, खरपूस भाजून चटणीला घे." आमच्याकडे अशा शेंगांना 'बुरसल्या' म्हणतात आणि टाकतात. शब्द दोन, वस्तू एकच का?

हरिपूरकर
नाही हो ताई. खवटपणा हा तेलाचा दोष. दाण्याचं, खोबऱ्याचं तेल हवेनं, उजेडानं बिघडतं आणि जुन्या तेलासारखा वास येतो. बुरा हा ओलीचा दोष, त्याचा वास कुबट. दोन्ही शब्द आपण माणसांनाही लावतो, ते बघा. खवट म्हातारा तोंड उघडताच कळतो. बुरसटलेल्या विचारांचा माणूस मात्र गोडही बोलू शकतो.

मिरज लॅबवाला
गोड बोलणारा बरोबर पकडलात. ती पूड बहुधा अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस बुरशीची. लॅटिनमध्ये 'फ्लेव्हस' म्हणजे पिवळा. अ‍ॅस्परजिलसचा 'अ', फ्लेव्हसचा 'फ्ला', पुढे टॉक्सिन, असं 'अफलाटॉक्सिन' झालं. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की कोंबड्या मेल्या. कारण निघालं ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड, आणि त्या शोधातून हे नाव जन्मलं. या विषाला ना चव ना वास. तव्यावर भाजल्यानं बुरशी मरते, विष बरंचसं तसंच राहतं. खरपूस वासानं कुबटपणा तेवढा झाकला जातो.

कोरेगावची लेक
सासूबाईंचं म्हणणं, "जन्मभर खाल्लं, कधी बाधलं नाही."

हरिपूरकर
इथं खरी शब्दाची गोम आहे. 'बाधणे' म्हणजे रात्री खाल्लं, सकाळी कळलं. तसंही होतं म्हणा. 1974 मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवर बुरशी आलेला मका खाऊन कावीळ झाली, शंभरावर माणसं गेली. पण थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर त्याला मराठीत 'भोवणे' हाच शब्द. बाधलं नाही म्हणून भोवणार नाही, असं नसतं.

मिरज लॅबवाला
'भोवणे' झकास! यकृतात या विषाचं रूप बदलतं आणि ते पेशीतल्या डीएनएला चिकटतं, पुढे यकृताचा कर्करोग होऊ शकतो. हिपॅटायटिस बी असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या गट 1 मध्ये टाकलंय. पण 'गट 1' हा शब्दही फसवा आहे. त्याचा अर्थ पुरावा पक्का, एक दाणा खाल्ला की कर्करोग असा नाही. चुकून कडू दाणा दाताखाली आला तर थुंका आणि चूळ भरा, रात्रभर जागू नका.

कोरेगावची लेक
चटणी रद्द. आता म्हणतात, "मग म्हशीला घाल."

मिरज लॅबवाला
अजिबात नको! म्हशीच्या पोटात त्याचं 'अफलाटॉक्सिन एम 1' हे दुसरं रूप होतं आणि दुधात उतरतं. त्यासाठी आपल्याकडे किलोला 0.5 मायक्रोग्रॅम अशी मर्यादा आहे. चरवीतून परत तुमच्याच चहात.

तासगावचा बागाईतदार
मध्येच विचारतो. द्राक्षावरची 'भुरी' ती हीच का?

हरिपूरकर
नाही दादा. ती जिवंत पानावर, मण्यावर जगणारी वेगळी बुरशी, अफलाटॉक्सिन करत नाही. 'भुरी' हे नाव नुसतं रंगावरून.