मदत हवी आहे: जुन्या फ्रेमचे मॉडेल आणि साल ओळखायचे आहे

सायंफेरी:
नमस्कार. माझ्याकडे बीएसए या ब्रिटिश कंपनीची सायकलची एक जुनी फ्रेम आली आहे. सोबत मिळालेल्या मागच्या चाकाच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) ५२ हा आकडा आहे, त्यामुळे फ्रेम १९५२ सालची हे नक्की. पाच आकडी क्रमांकही आहे. त्यावरून मॉडेल कोणते आणि मूळ रंग कोणता, हे कोणी सांगू शकेल का? शनिवारी फ्रेम सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने रंग उतरवणे) आणि पावडर कोटिंगसाठी द्यायची असल्याने उत्तर लवकर मिळाल्यास आभारी राहीन.

मोजपट्टी:
बीएसएची हे कशावरून ठरवले? क्रमांक नेमका कुठे ठोकलेला आहे? पुढच्या नळीवर बिल्ला आहे का, किंवा नसल्यास त्याच्या रिव्हेटची भोके दिसतात का? एवढे कळल्याशिवाय कोणीही जे सांगेल तो अंदाजच असेल.

सायंफेरी:
खाली तीन बंदुकांची, म्हणजे बीएसएची खूण स्पष्ट दिसते, त्यामुळे कंपनीबद्दल शंका नाही. बिल्ला नाही आणि भोकेही नाहीत. माझा प्रश्न फक्त मॉडेलचा आहे.

जुनाट:
माझ्याकडे अगदी अशीच सायकल अनेक वर्षे होती आणि ती रॅले या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीची होती. बीएसएचा सायकल विभाग रॅलेने १९५७ मध्ये घेतला, त्यानंतर बीएसएच्या नावाने निघालेल्या सायकली रॅलेच्याच. तेव्हा रॅले समजून पुढे चला.

मोजपट्टी:
जुनाट, विभाग १९५७ मध्ये गेला हे बरोबर आहे, परंतु धागाकर्ते तर १९५२ म्हणत आहेत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असतील? शिवाय फोटो न पाहता 'अगदी अशीच' हे आपण कसे ठरवले?
सायंफेरी, 'खाली' म्हणजे कुठे? बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पायडलचा आस ज्यात फिरतो त्या नळकांड्यावर, की त्यात फिरवून बसवलेल्या कपच्या कडेवर? बीएसए कंपनी सुटे भागही विकत असे आणि इतर अनेक फ्रेम बनवणारे ते वापरत. कपवर बंदुका असतील तर कप बीएसएचा आहे, एवढेच सिद्ध होते.

तेलकट_हात:
हबबद्दल सांगतो. स्टर्मी-आर्चर कंपनीचा एडब्ल्यू हा तीन गिअरचा हब १९३६ पासून निघाला. त्याच्या कवचावर सालाचे शेवटचे दोन आकडे आणि बहुधा महिन्याचाही आकडा ठोकलेला असतो, त्यामुळे ५२ म्हणजे हब १९५२ चा यात वाद नाही. मात्र ते साल हबचे आहे. चाक दहा मिनिटांत दुसऱ्या फ्रेमवर चढते. आता विषय निघालाच आहे तर, या हबमध्ये ग्रीस भरण्याची चूक करू नका. आतल्या खिट्ट्या हलक्या स्प्रिंगवर चालतात आणि ग्रीसमध्ये चिकटून बसतात. कवचावरच्या छोट्या झाकणातून पातळ तेल सोडावे.

सायंफेरी:
हबच्या तेलाचे मी विचारलेले नव्हते, तरी धन्यवाद. खूण कपवर आहे, हे आत्ता पाहिले. म्हणजे आता काहीच कळणार नाही का? क्रमांक बॉटम ब्रॅकेटच्या खालच्या अंगाला आहे.

उलटे_आटे:
बरेच कळेल, पण मोजावे लागेल. बॉटम ब्रॅकेटच्या नळकांड्याची रुंदी कॅलिपरने घ्या. ६८ मिलिमीटर आली तर बहुधा ब्रिटिश पद्धतीची फ्रेम, ७० आली तर इटालियन असण्याची शक्यता, आणि ७१ किंवा ७६ आली तर नॉटिंगहॅमच्या कारखान्यातली रॅले असण्याची शक्यता मोठी. त्यानंतर हेडसेट (चिमटा ज्यात फिरतो ते बेअरिंग) सोडवून पुढचे चाक धरणारा चिमटा काढा आणि त्याच्या दांडीवरच्या एका इंचात किती आटे भरतात ते मोजा. नॉटिंगहॅमची रॅले इंचाला २६ आटे ठेवी, बाकीचे बहुतेक ब्रिटिश २४. सीटपोस्टचा (सीटच्या दांडीचा) व्यास आणि मागच्या चाकाच्या जागेची रुंदीही लिहा. कप काढणार असाल तर ब्रिटिश फ्रेमवर उजव्या बाजूचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा. सवयीने पान्हा फिरवाल तर कप आणखी आवळला जाईल.

जुनाट:
रॅलेच्या सगळ्याच फ्रेमना २६ आटे नसत. कार्लटन कंपनी १९६० मध्ये रॅलेकडे आली, आणि वर्कसॉपला बनलेल्या त्या हलक्या फ्रेमना २४ आटे असत. त्यामुळे आटे मोजून माझे म्हणणे खोटे ठरत नाही.

पितळी:
मोजमापे होत राहतील, आधी शनिवारचे काम रद्द करा, अशी कळकळीची विनंती आहे. मी एक फ्रेम अशीच एका दुकानात सँडब्लास्टिंगला दिली होती. परत आली तेव्हा लगच्या (नळ्या जोडणाऱ्या तुकड्यांच्या) पातळ कडा बोथट झालेल्या होत्या आणि क्रमांकाच्या शेवटच्या दोन आकड्यांचे खळगे राहिले होते. सीटच्या नळीवर वरच्या रंगाखाली काहीतरी लिहिलेले होते, हे मला नंतर जुना फोटो मोठा करून पाहताना दिसले. ते काय होते हे आता कधीच कळणार नाही.

सायंफेरी:
मोजमापे अशी: रुंदी ६८. चिमट्याच्या दांडीवर इंचात २४ आटे. मागची जागा सुमारे ११४. सीटपोस्ट २७.२. पाण्याच्या बाटलीसाठी आटे पाडलेली भोके नाहीत, पंप अडकवायच्या खुंट्या आहेत, आणि चिमट्याच्या उजव्या पायावर दिव्यासाठी झाळलेली बोंडी आहे. मागच्या पट्ट्यांवर डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा गिअर) टांगायचा कान नाही. एक गोष्ट सांगायची राहिली: पुढच्या अर्ध्या भागाचा रंग मी गेल्या आठवड्यातच खरवडून काढला आहे.

मोजपट्टी:
ही गोष्ट पहिल्या संदेशात हवी होती. असो. यातला सर्वांत बोलका आकडा २७.२ हा आहे. सीटच्या नळीचा बाहेरचा व्यास २८.६ असतो, त्यात २७.२ चा पोस्ट जातो म्हणजे वरच्या टोकाला नळीची भिंत जेमतेम ०.६ ते ०.७ मिलिमीटर आहे. रोजच्या वापराच्या जड सायकलीला इतकी पातळ नळी लावत नसत. रेनॉल्ड्स कंपनीची ५३१ ही हलकी पोलादी नळी किंवा त्या दर्जाची नळी असावी, आणि ५३१ बाजारात आली १९३५ मध्ये.

उलटे_आटे:
थोडे जपून. टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट रेनॉल्ड्सने १८९७ मध्येच घेतले होते, म्हणून नळी पातळ आहे एवढ्यावरून १९३५ ही खालची मर्यादा ठरत नाही. तथापि ११४ ची जागा, डिरेलरचा कान नसणे आणि दिव्याची बोंडी हे एकत्र पाहता क्लबात चालवायची हलकी ब्रिटिश सायकल, तीन गिअरच्या हबसाठी किंवा एकाच गिअरसाठी केलेली, असे मी म्हणेन. वर्कसॉपच्या, म्हणजे १९६० नंतरच्या हलक्या फ्रेमवर डिरेलरची सोय नसणे मला अवघड वाटते. चिमटा हातात आहेच, तर दांडीवर क्रमांक आहे का पाहा.

जुनाट:
कान नंतर कोणी कापलाही असू शकतो.

सायंफेरी:
पट्टीची कडा भिंगातून पाहिली. ओतकामाची रेघ सलग आहे, कापल्याची खूण नाही. चिमट्याच्या दांडीवर तेच पाच आकडे आहेत, फक्त ठसा थोडा तिरपा बसला आहे.

उलटे_आटे:
मग चिमटा मूळचाच आहे आणि फ्रेम एखाद्या छोट्या कारागिराची असण्याची शक्यता वाढली. त्यांच्यात दोन्हीकडे एकच क्रमांक ठोकण्याची पद्धत होती. दुसऱ्या महायुद्धाच्या थोडी आधीची किंवा पन्नासच्या दशकातली, याहून बारीक तारीख या पुराव्यावर देता येणार नाही. हब तिच्या वयाचा असू शकेल, पण तो साक्षीदार म्हणून कच्चा आहे.

पितळी:
सीटच्या नळीचा रंग अजून शाबूत आहे ना? बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून एका बोटाने, एकेक थर उतरवत जा. वेगळा रंग दिसला की थांबा आणि तिरप्या उजेडात फोटो काढा.

सायंफेरी:
दोन तास लागले. हिरव्याखाली काळा, काळ्याखाली जांभळट निळा रंग आहे. निळ्यावर सोनेरी कडेच्या अक्षरांपैकी शेवटची दोन उरली आहेत, एस आणि त्याआधी बहुधा एन. शनिवारचे काम रद्द केले आहे.

मोजपट्टी:
क्रमांक, दोन अक्षरे आणि लगच्या नक्षीचे जवळून घेतलेले फोटो ब्रिटनच्या व्हेटरन-सायकल क्लबकडे पाठवा. तिथे एकेका कंपनीचा अभ्यास करणारे सभासद आहेत. पाठवताना अर्धा रंग आपण खरवडला आहे, हे मात्र पहिल्याच ओळीत लिहा.